पेशी कशी झाली?
(विहारात वर्षावासानिमित्त दिलेल्या भाषणावरून)



धम्मवर्गातल्या मुलांनी आम्हाला विचारले, "देवाने सृष्टी केली नाही, तर मग झाली कशी?" प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सृष्टीकर्ता ईश्वर नाकारला, एवढे सांगून आपण थांबतो. पण नुसते नाकारून भागत नाही, पुढचेही सांगता आले पाहिजे. त्यात २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून त्याला विरोध केला. तेव्हा ही गोष्ट विहारात बोलणे भागच आहे.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्म जीवांच्या थरांच्या खुणा सापडतात. म्हणजे जीव लवकर आला. पण पुढे शंभर कोटींहून जास्त वर्षे सारे जीव साधेच राहिले, पेशीत केंद्रक नाही, काही नाही. मग झाड, मासा, माणूस घडवणारी मोठी पेशी आली कुठून?

१९६७ साली अमेरिकेतल्या लिन मार्ग्युलिस या बाईंनी एक लेख छापला. अनेक नियतकालिकांनी तो आधी परत पाठवला होता. त्यांचे म्हणणे असे की आपल्या पेशीतली तंतुकणिका, जी अन्नातून ऊर्जा काढते, ती मूळची स्वतंत्र जीवाणू होती. दुसऱ्या पेशीत शिरली आणि तिथेच नांदू लागली. आज पुरावा भक्कम आहे. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए आहे, माणसात त्यावर ३७ जनुके आहेत, आणि ती जीवाणूसारखी दुभंगून वाढते. झाडांतली हरितलवकेही अशीच आलेली.

मग घर देणारी पेशी कोणती? जपानी शास्त्रज्ञांनी सुमारे अडीच हजार मीटर खोल समुद्रातला चिखल आणला आणि स्पंज भरलेल्या टाकीत पाच वर्षांहून जास्त काळ जपला. एकूण बारा वर्षांच्या खटपटीनंतर आपल्या पूर्वज-पेशीच्या जवळचा एक जीव त्यांना वाढवता आला. ते संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की तो एकटा वाढतच नाही! तो हायड्रोजन सोडतो, शेजारचा दुसरा जीव तो वापरतो. शेजारी नसेल तर हायड्रोजन साचतो आणि याचे पोट चालत नाही.

आपल्याला इथे प्रतीत्यसमुत्पाद आठवतो. बुद्धांना पेशी ठाऊक होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसले दावे करणारे दुसरे लोक आहेत, ते त्यांना लखलाभ.

आणि शुद्ध रक्ताची, शुद्ध कुळाची बढाई मारणारे आठवा. त्यांच्या अंगात जागोजागी हा बाहेरून आलेला जीवाणू कामाला जुंपलेला आहे. गोत्र बापाचे सांगतात, पण तंतुकणिका येते ती आईकडून!

पुढच्या रविवारी धम्मवर्गात सूक्ष्मदर्शक आणणार आहोत. तंतुकणिका त्यात नीट दिसणार नाही, पण कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकला की केंद्रक दिसते. मुलांनो, येताना घरून एक कांदा आणा. नमो बुद्धाय, जय भीम.