नांदुऱ्यात चढ नाही



मी नांदुऱ्याचा. मुंबई-नागपूर महामार्गानं कधी गेला असाल तर नांदुरा म्हटल्यावर तुम्हाला रस्त्याकडेचा 105 फुटी हनुमान आठवेल. लोक गाडी थांबवतात, हात जोडतात, फोटो काढतात आणि शेगावकडे नाहीतर मलकापूरकडे निघून जातात. तो हनुमान सोडला तर आमच्याकडे उंच असं काही नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि त्यातून सरळ गेलेले रेल्वेचे रूळ. अशा गावातल्या माणसानं डोंगरावरच्या शर्यतीत नाव घालणं म्हणजे विहिरीत पोहायला शिकून समुद्रात उडी घेण्यासारखं आहे. मी ती उडी घेतली.

मी एका कृषी केंद्रात हिशेब लिहितो. दिवसभर बैठक. वयाच्या पंचेचाळिशीत रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता मी पळायला लागलो. महामार्गावर ट्रकचा धोका, म्हणून शेताकडे जाणाऱ्या आडरस्त्यांनी पळायचो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 44-45 पर्यंत जातो, तेव्हा पहाटे साडेचारला निघून सूर्य वर यायच्या आत घरी. पहिल्या महिन्यात गोठ्याकडे निघालेला एक जण रोज विचारायचा, "काहून पयू राह्यले भाऊ? मांगं कुत्रं लागलं का?" पुढं पुढं त्यानंही विचारणं सोडलं. विजेचे खांब मोजत मी एकाच चालीनं दहा, बारा, पंधरा किलोमीटर जाऊ लागलो, आणि आपण पळणारे झालो असं मला वाटू लागलं. सपाट रस्ता माणसाला फार लवकर मोठेपणा देतो.

अशा भरात मी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. ही शर्यत 2012 साली सुरू झाली. अंतर 21 किलोमीटर. सातारा शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं. तोच रस्ता पुढं कासच्या पठाराकडे जातो. 2015 साली 2,618 जण एका वेळी हा डोंगर पळाले, त्याची गिनेसच्या पुस्तकात नोंद आहे. एवढे लोक चढले तर आपणही चढू, असा माझा हिशेब. हिशेबनीस माणूस, पण इथं बेरीज चुकली.

सरावाला चढ कुठून आणायचा? आम्हाला घाट म्हणजे बुलढाण्याला जातानाचा राजूर घाट. तीन रविवार अंधारात मोटारसायकलनं मोताळ्यावरून तिथं गेलो. घाटात अस्वलाची भीती, म्हणून उजाडेपर्यंत खालीच थांबायचं. तिथं थांबलो की मला एका वाघाची आठवण यायची. तुम्हीही त्याच्याबद्दल ऐकलं असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा हा तरुण वाघ 2019 च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणाच्या हद्दीत जाऊन परत फिरला, शेतं, ओढे, रस्ते ओलांडत सुमारे 1,300 किलोमीटर हिंडला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे सगळं कळलं. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं, म्हणजे चालणारा. वाघाला एवढी धाव घेता येते, तरी नाव मिळालं ते चालण्यावरून. तेव्हा या गोष्टीचं मला नुसतं हसू यायचं.

महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्याच रुळांवरून थेट साताऱ्याला जाते. संध्याकाळी बसलो, सकाळी उतरलो. सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीला. तिथून शहरात येताना रिक्षावाल्यानं बोटानं डोंगर दाखवला. मी त्याला म्हटलं, "एवढाच?" तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस भुरभुरत होता. सातारकर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे, कुठं ढोल, कुठं टाळ्या, पोरं हात पुढं करून टाळी मागत होती. अशा गर्दीत पाय आपोआप उचलतात. शहरातल्या रस्त्यानं मी माझ्या नेहमीच्या चालीपेक्षा चांगलाच पुढं होतो. चूक झाली ती इथंच. घाटाचं पहिलं वळण आलं, दुसरं आलं, तिसऱ्याला छाती भात्यासारखी हलायला लागली. सपाटीवर एक वेग धरला की तो टिकतो. चढावर तोच वेग धरला की दर पावलाला अंगाचं सगळं वजन वर उचलावं लागतं आणि श्वास पुरत नाही. हे मला माहीत होतं. पोटऱ्यांना माहीत नव्हतं.

तरी मी पळतच राहिलो. खरं म्हणजे पळण्याचं सोंग करत राहिलो, कारण शेजारून आरामात चालणारे लोक मला मागं टाकत होते. चालणं म्हणजे हरणं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. गावाकडे काय सांगणार, चालून आलो म्हणून? तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बाजूला आले. छातीवर माझ्यासारखाच नंबर. माझ्याकडे बघून म्हणाले, "पावनं, चाला की. घाट काय पळून जात न्हाय."

मी चालायला लागलो. आणि चालायला लागल्याबरोबर मला आई आठवली.

आमच्या भागात शेगावला पायी जाणं ही काही मोठी बातमी नसते. नांदुऱ्याहून निघायचं, जलंब मागं टाकायचं, शेगाव गाठायचं. पंचवीसेक किलोमीटर पडतं. शेतमजूर, मास्तर, दुकानदार, सुना, म्हाताऱ्या, सगळे जातात. कुणाला नंबर नाही, कुणाच्या वेळेची नोंद नाही. आई साठीच्या पुढं गेल्यावरही जायची. एकदा मी तिच्यासोबत गेलो, तेव्हा पहिल्या तासाला तिच्या पुढं आणि शेवटच्या तासाला बराच मागं होतो. ती किलोमीटर विचारायची नाही. पाऊल लहान टाकायची, बोलणं बंद ठेवायची, आणि बसायची तर अजिबात नाही, कारण बसलं की पाय आंबतात. घाटात मी तसंच केलं. पाऊल अर्धं केलं, मान खाली घातली, किती राहिलं हे बघणं बंद केलं. दोन वळणांनंतर श्वास जागेवर आला. खाली ढगाच्या फटीतून सातारा आणि अजिंक्यतारा दिसला. तिथवर मी डोंगर पाहिलाच नव्हता.

आणखी एक बाई आठवल्या. लता करे. मूळच्या आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी पायांनी शर्यत पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर पुढं चित्रपट निघाला, त्यात त्यांचं काम त्यांनीच केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. मी मात्र महागडे बूट घालून कण्हत होतो.

वळसा घालून उतरायला लागलो तेव्हा वाटलं, आता मजा. उतार फुकटचा असतो, असं आम्हा सपाटीवाल्यांना वाटतं. तो फुकटचा नसतो. उतरताना दर पावलाला मांड्या ब्रेक लावतात. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो, आणि त्याचं बिल त्या दिवशी येत नाही. दुसऱ्या दिवशी येतं, तिसऱ्या दिवशी व्याजासकट येतं. बुटाच्या टोकावर आपटून अंगठ्याची नखं काळी पडली ती वेगळीच. दोन तास एक्केचाळीस मिनिटांनी मी रेषा ओलांडली. मिशीवाले गृहस्थ माझ्या आधी पोचून केळं सोलत बसले होते. त्यांनी अर्धं मला दिलं.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा पाय ठीक होते. नांदुऱ्याला उतरलो तेव्हा नव्हते. स्टेशनच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या चढता आल्या, उतरता येईनात. शेवटी कठडा धरून, तोंड मागं करून, उलटा उतरलो. सामान घेऊन मागून येणारी माणसं वाट काढून पुढं गेली, जाताना वळून बघत होती.

घरी पोचलो तर आई ओट्यावर तूर निवडत होती. मी फाटकातून लंगडत आत आलो, ती बघत राहिली. गळ्यातलं पदक मी मुद्दाम शर्टाबाहेर काढलं होतं. तिचं लक्ष पायांकडे.

"कारे," ती म्हणाली, "साताऱ्याहून पायीच आला का?"