सामान्य त्वचाविकार आणि आयुर्वेद
(सुरत येथील मराठी भाषिक कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेले व्याख्यान)



जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे उदरनिर्वाहासाठी सुरतेस येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झाली आहेत. खानदेशातील कोरडी हवा सोडून ती तापीच्या मुखाजवळील दमट हवेत आली. यंत्रमागावर घामाने भिजलेले कपडे, एका खोलीत अनेकांची वस्ती आणि सर्वांत मिळून एकच पंचा, ही गजकर्ण व खरूज यांना आमंत्रण देणारी परिस्थिती होय.

आयुर्वेदाने या विकारांचा सूक्ष्म विचार केला आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे 18 प्रकार सांगितले असून त्यांपैकी 7 महाकुष्ठे व 11 क्षुद्रकुष्ठे आहेत. दद्रू म्हणजे गजकर्ण, पामा म्हणजे खरूज व विचर्चिका म्हणजे इसब, ही क्षुद्रकुष्ठांत मोडतात. तेथे 'कुष्ठ' हा शब्द त्वचारोग या व्यापक अर्थाने येतो. म्हणून वैद्यांच्या तोंडून तो ऐकताच घाबरून जाऊ नये व रोग लपवूही नये.

चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन, म्हणजे कारण दूर करणे, हे होय. स्पर्श, एकत्र शयन व एकमेकांची वस्त्रे वापरणे यांमुळे असे रोग पसरतात, असे सुश्रुताने स्पष्ट सांगितले आहे. म्हणून प्रत्येकाचा पंचा व अंथरूण वेगळे असावे. स्नानानंतर जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. कपडे उन्हात वाळवावेत. खरूज झाल्यास घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, अन्यथा ती घरात फिरतच राहते.

दुसरे साधन लेपाचे. पावसाळ्यात बांधावर उगवणारा टाकळा आपणांस परिचित आहे. गुजरातीत त्यास कुवाडियो म्हणतात. गजकर्णाचा नाश करणारा म्हणून संस्कृतात त्याचे नावच दद्रुघ्न. त्याचे बी आंबट ताकात वाटून लावण्याची परंपरा जुनी आहे. मात्र फुटलेल्या, चिघळलेल्या वा लहान मुलांच्या त्वचेवर असे लेप लावू नयेत. पोटात घ्यावयाची औषधे, विशेषतः पारा वा हरताळ असलेली, वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

खरा धोका वेगळाच आहे. दुकानातून विचारून आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते. परंतु बुरशी आत पसरत राहते, त्वचा पातळ होते व पुढे साधी औषधेही लागू पडत नाहीत. तात्पुरता आराम म्हणजे रोगमुक्ती नव्हे. चट्टा पसरत असल्यास किंवा दोन आठवड्यांत उतार न पडल्यास वैद्य वा डॉक्टर यांना दाखवावे आणि सांगितलेला उपचार पूर्ण करावा.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगतो. चट्ट्यावर खाज नाही आणि स्पर्शही कळत नाही, असे असल्यास कोणताही लेप लावण्यात वेळ दवडू नये. तो आजच्या अर्थाने कुष्ठरोग असू शकतो. त्यावरील बहुविध औषधोपचार शासकीय दवाखान्यात विनामूल्य मिळतो आणि वेळीच घेतल्यास पंगुत्व टळते. शिक्षकांनी मुलांच्या अंगावरील असे चट्टे दिसताच पालकांस सावध करावे, हीच माझी विनंती.