यानातली हवा, यानातला आवाज

अवकाशात आवाज नसतो हे आपण शाळेतच शिकलो. पण माणूस तिथे जातो तो सोबत हवा घेऊन, आणि हवा आली की आवाज आलाच. ही हवा किती ठेवायची ते इंजिनिअर ठरवतात. त्या एका निर्णयावर माणसाचं बोलणं, ऐकणं आणि कधीकधी जगणंही अवलंबून असतं.

समुद्रसपाटीला दर चौरस इंचावर हवेचा दाब १४.७ पौंड असतो. अमेरिकेने मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलो यानांत अवकाशात असताना जेमतेम ५ पौंड दाब ठेवला, तोही शुद्ध ऑक्सिजनचा. श्वासाला तेवढा पुरतो. दाब कमी म्हणून यानाचा सांगाडा हलका ठेवता येतो. पण २७ जानेवारी १९६७ रोजी, जमिनीवरच्या चाचणीत, अपोलोची केबिन बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनने भरली होती. आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे अंतराळवीर गेले.

१९७३ साली स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा वर गेली. तिथेही दाब ५ पौंडच, फक्त आता ऑक्सिजनच्या जोडीला थोडा नायट्रोजन होता. स्कायलॅब चांगली ऐसपैस होती, आणि तिथे एक वेगळीच अडचण निघाली. काही मीटरवरच्या सोबत्याला हाक ऐकू जाईना. अंतराळवीरांना आवाज चढवावा लागे, नाहीतर इंटरकॉम वापरावा लागे. आवाजाचा वेग दाबावर ठरत नाही, तो तापमानावर आणि वायूच्या रेणूंच्या वजनावर ठरतो. त्यामुळे वेगात फारसा फरक पडला नव्हता. घटली होती ती घनता, जवळजवळ एक तृतीयांशावर. विरळ हवेत तेवढ्याच जोराने बोललं तरी ध्वनिलहरीचा दाब कमी भरतो. हिशेब केला तर सुमारे ९ डेसिबलची घट येते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पृथ्वीइतकाच दाब आहे. तिथे बोलणं नीट पोहोचतं, पण पंख्यांची घरघरही तितकीच नीट पोहोचते. आणि पंखे बंद करता येत नाहीत. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच नाकासमोर साचून राहू शकतो. म्हणून रात्रंदिवस हवा खेळती ठेवावी लागते. झ्वेझ्दा या रशियन विभागात सुरुवातीच्या वर्षांत इतका गोंगाट होता, की अंतराळवीर कानात बोळे घालत. पुढे आवाज शोषणारी वेष्टणं आणि कमी आवाजाचे पंखे बसवले गेले.

हा केवळ झोपमोडीचा प्रश्न असता तर मी आज तो इथे मांडला नसता. ३० जून १९७१. सोव्हिएत यान सोयुझ-११ परतत होतं. डोब्रोवोल्स्की, व्होल्कोव आणि पात्सायेव तिघे खांद्याला खांदा लावून बसलेले, अंगात स्पेससूट नाही. सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर यानाचे भाग सुटे झाले, त्या धक्क्याने हवेची एक झडप वेळेआधीच उघडली. हवा फुसफुसत बाहेर जाऊ लागली. नंतर तपासात यानातले रेडिओ बंद केलेले आढळले. फुसकारा नेमका कुठून येतोय ते ऐकू यावं म्हणून त्यांनी ते बंद केले, असा अर्थ लावला गेला. झडप हाताने फिरवून बंद करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांच्यापाशी उरला नव्हता. यान मात्र पॅराशूटने व्यवस्थित उतरलं. दार उघडणाऱ्यांना तिघे आपापल्या जागी बसलेले सापडले.

त्या तिघांनी शेवटी भरवसा ठेवला तो कानांवर. २००४ मध्ये अवकाश स्थानकाचा दाब हळूहळू उतरत होता. तेव्हाही अंतराळवीर मायकेल फोल यांनी गळती शोधली ती अल्ट्रासाउंड यंत्राने, म्हणजे ऐकूनच. एका खिडकीजवळची लवचिक नळी गळत होती.

आपल्या गगनयानात पृथ्वीसारखं वातावरण ठेवायचं इस्रोने ठरवलं आहे. वजन वाढलं तरी हाच निर्णय योग्य आहे, असं मी ठामपणे म्हणतो. इथे बसलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा यानाचा पंखा किंवा पंप बनवायला घेईल, तेव्हा त्याच्या आवाजाची मर्यादा पहिल्याच आराखड्यात लिहा, वजनाच्या आकड्याशेजारी.