तास भरले नाहीत तर?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या चौथ्या कलमात ‘सामुदायिक सेवा’ ही नवी शिक्षा दाखल झाली. आम्हा समाजकार्याची पदवी घेतलेल्यांना जरा गंमत वाटली. दोन वर्षं शिकून आम्ही जे करतो, ते आता शिक्षा म्हणून मिळणार! पण कल्पना चांगली आहे. किरकोळ चोरीसाठी बाईला तुरुंगात घालून तिची पोरं वाऱ्यावर सोडायची, त्यापेक्षा दवाखान्यात झाडलोट करून ती सुटत असेल तर ते केव्हाही बरं.

ही शिक्षा मोजक्याच गुन्ह्यांना आहे. दारू पिऊन केलेला धिंगाणा, बदनामी, असे काही. आपल्याकडे येणाऱ्या बायकांच्या दृष्टीनं त्यातली एकच बाब महत्त्वाची: ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच शाबीत झालेली, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली. काम बिनपगारी, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या २३व्या कलमात स्पष्ट लिहिलंय. मात्र किती तास, देखरेख कोणाची, आजारपण आलं तर काय, हे या दोन्ही कायद्यांच्या मजकुरात नाही. म्हणजे सगळी भिस्त कोर्टाच्या आदेशात काय लिहिलंय त्यावर.

आता एक बाई डोळ्यापुढे आणा. चार घरची धुणीभांडी करते. कोर्टानं सांगितलं, महिन्याभरात पंधरा दिवस, सकाळी दहा ते पाच, सरकारी दवाखान्यात. तिची कामाची वेळ नेमकी तीच. पंधरा दिवस खाडे केले तर निदान दोन घरं सुटणार, कारण भांडी कुणासाठी थांबत नाहीत. तरी ती जाते. दहा दिवस भरते. मग धाकट्याला ताप येतो, पाळी अंगावर जाते, सासू गावाला निघून जाते. यातलं काहीही होऊ शकतं. महिना संपतो. कागदावर एवढंच उमटतं: आदेशाचं पालन केलं नाही. हीच शिक्षा पुरुषाला झाली तर बहुतेक वेळा त्याचा डबा कुणीतरी भरून देतं. बाईचा दिवस आधीच बिनपगारी कामानं भरलेला असतो. कोर्ट त्यात आणखी बिनपगारी काम घालतं आणि दिवस मात्र चोवीस तासांचाच धरतं.

पुढे काय होतं? आठव्या कलमाप्रमाणे सेवा न केल्यास कैद सुनावता येते. गुन्हा दंडाचा किंवा सेवेचा असेल तर ती साधी कैद असते आणि तिची कमाल मर्यादा दंडाच्या रकमेवर ठरते. ५,००० रुपयांपर्यंत दोन महिने, १०,००० पर्यंत चार, आणि ‘इतर कोणत्याही बाबतीत’ एक वर्ष. जिथे दंडच नाही, नुसती सेवा आहे, तिथे कुठला आकडा धरायचा? ‘इतर’मध्ये ढकललं तर पाच दिवस कमी पडले म्हणून वर्षभरापर्यंतची वाट उघडी राहते.

आणि याच कलमातला पुढचा भाग मला सर्वात जास्त टोचतो. दंड थोडा भरला तर कैद त्या प्रमाणात कमी होते. कायद्यानं उदाहरणच दिलंय: १,००० रुपये दंड, न भरल्यास चार महिने, पहिल्या महिन्यात ७५० भरले तर महिना संपताच सुटका. हा हिशोब १८६० च्या संहितेपासून चालत आलाय. दंडाला हप्तेही मिळतात. पण दहा दिवस झाडू मारला तर किती कैद कमी, याचा एक शब्द नाही. पैशाला त्रैराशिक आहे, श्रमाला नाही. आपल्या कष्टांचा हिशोब घरात होत नाही हे आपण सांगत आलो. आता कायद्याच्या पुस्तकातही तेच.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या टोकियो नियमांत स्पष्ट म्हटलंय की तुरुंगाबाहेरची शिक्षा फसली म्हणून आपोआप तुरुंग येऊ नये. इंग्लंडमध्ये असं बिनपगारी काम बारा महिन्यांत करायचं असतं, पण वर्ष उलटलं तरी तास पूर्ण होईपर्यंत आदेश जिवंत राहतो. म्हणजे राहिलेलं काम पुढे करून घेता येतं. तिथे सारं सुरळीत आहे असं मी म्हणत नाही, पण ही तरतूद उचलण्यासारखी आहे.

आपल्या हातात काय आहे? ‘मुदत संपत आली की अर्ज करू’ हा विचार धोक्याचा. निकालावर सही झाली की लेखनातली किंवा आकड्यांची चूक सोडून त्यात बदल करायला कोर्टाला कायद्यानंच मनाई आहे, आणि सरकारी वकील ते दाखवून देणारच. म्हणून बोलायचं ते शिक्षा सुनावतानाच. तारखा नकोत, एकूण तास लिहा. घराजवळची जागा द्या, अर्धा दिवस द्या. आजारपणात मुदत वाढेल हे वाक्य आदेशातच घाला. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं बारावं कलम. तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथे शिक्षेच्या तारखेआधी जा. नंतर गेलात तर वकील मिळेल, पण त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसेल.

आणि एक दोनशे पानी वही घ्या. रोज तारीख, आल्या-गेल्याची वेळ, देखरेख करणाऱ्याची सही. खाडा झाला त्या दिवसाचा केसपेपर त्याच पानाला टाचायचा. वही बाईच्या घरी ठेवू नका, पावसात भिजते, नवरा फेकतो. ती आपल्या केंद्रात ठेवा.