रत्नागिरीचा ब्रह्मी राजा

मेळघाटातलं सागवान वऱ्हाडाच्या ओळखीचं. अशाच सागवानाच्या व्यापारावरून एका राजाचं राज्य गेलं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजानं मुंबईच्या एका लाकूड कंपनीला जबर दंड केला, ते निमित्त साधून इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात त्याची राजधानी मंडाले घेतली.

पुढच्या एप्रिलमध्ये राजा इंग्रजांचा कैदी म्हणून रत्नागिरीत उतरला. वय अवघं सत्तावीस. सोबत राणी सुपायालत आणि मुली. चौथी राजकन्या तर रत्नागिरीतच जन्मली. थिबाला इथं समुद्राकाठी राहणं भाग होतं. घरखर्च सरकारी तनख्यावर, येण्याजाण्यावर पहारा.

खाडीकडे तोंड केलेला थिबा पॅलेस १९१० मध्ये तयार झाला, तेव्हा त्याच्या बंदिवासाला चोवीस वर्षं होऊन गेली होती. त्या वाड्याचं सुख त्याला जेमतेम सहा वर्षं लाभलं. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथंच वारला. मायभूमी पुन्हा दिसली नाही, हे फार चटका लावणारं आहे.

१९१९ मध्ये राणी रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू मात्र रत्नागिरीत मराठी बोलत जगली. राजाची समाधीही तिथंच आहे.