स्वातंत्र्याची पुस्तके आणि आपली गावकी



व्यक्तिस्वातंत्र्य आणि सर्वंकष सत्तेच्या विचारांचा धोका, यांवरच्या पुस्तकांबद्दल मी बोलावे असे संयोजकांनी सांगितले आहे. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा थेट बर्लिन नाही तर मॉस्को गाठतो. मी दासगाव बंदरावरून सुरुवात करतो.

डिसेंबर 1927. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले. धरमतरचा मार्ग जवळचा होता. पण तिथून पुढे बसवाल्यांनी बसू दिले नाही तर काय करायचे? दासगावहून महाड पाच मैल. पायी तरी जाता येईल, असा हिशेब होता. महाडला परिषदेच्या मांडवासाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या मांडवात बाबासाहेबांनी 1789 च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि त्याच रात्री, 25 डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन झाले.

फत्तेखानांचे नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यावेच. पण त्या जागेची गरज का पडली हेही पाहू. सरकारने परिषदेला बंदी घातली नव्हती. अडवणूक करत होता तो समाज. बस नाही, जागा नाही.

जॉन स्टुअर्ट मिलचे ‘ऑन लिबर्टी’ हे 1859 चे पुस्तक नेमके इथेच बोट ठेवते. राजाच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम खोल जातो, कारण त्यातून सुटायला वाटा कमी असतात, असे त्याचे म्हणणे. हे पुस्तक आगरकरांनी पचवले होते. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली ती उगाच नाही. बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हाच मुद्दा आपल्या अनुभवातून मांडला: सरकारला विरोध करणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा समाजाला विरोध करणारा सुधारक अधिक धाडसी. पुढे 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी मसुदा मांडला, तेव्हा खेडे सोडून व्यक्ती हा घटक धरला याचे समाधान व्यक्त केले. अनेक सदस्यांना ते झोंबले. पण ज्याने दासगाव ते महाड हा रस्ता पाहिला होता, त्याच्याकडून खेड्याच्या गोडव्याची अपेक्षा का करावी?

इथे कोणी तरी विचारेल, स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगता आणि पुस्तक जाळण्याचे कौतुक करता? प्रश्न रास्त आहे. 10 मे 1933 ला बर्लिनमध्ये नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तके जाळली, तेव्हा सत्ता त्यांच्या पाठीशी होती आणि ती पुस्तके कोणी वाचूच नयेत हा हेतू होता. महाडला सत्ता नसलेल्या माणसांनी आपल्यावर राज्य करणाऱ्या ग्रंथाचा हुकूम नाकारला. दुसऱ्या दिवशीही मनुस्मृती दुकानात मिळत होती. ‘सॅटॅनिक व्हर्सेस’वर 1988 मध्ये आपण बंदी मागितली आणि मिळवली, ती या दोहोंपैकी कशाच्या जवळची, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत मी लपवत नाही: ती मागणी चुकीची होती. कादंबरी वाईट वाटली तर तिच्याविरुद्ध लिहायला आपले हात कोणी बांधले होते?

आता 1939 साल घ्या. त्या वर्षी गोळवलकरांचे ‘वुइ ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड’ आले. जर्मनीने वंशशुद्धीसाठी जे केले त्यातून हिंदुस्थानने धडा घ्यावा, असा सूर त्यात आहे. त्याच वर्षी लाहोरमध्ये मौलाना मौदुदींनी इस्लामच्या राजकीय सिद्धान्तावर व्याख्यान दिले. त्यांच्या कल्पनेतले राज्य जीवनाचे कोणतेही अंग मोकळे सोडत नाही, आणि या बाबतीत त्याचे फॅसिस्ट व कम्युनिस्ट राज्यांशी साम्य आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले. फरक आहेत असेही सांगितले. पहिले पुस्तक आपण सभांमधून नेहमी काढतो. दुसरे व्याख्यान आपल्या किती सभांमध्ये निघते?

कार्ल पॉपरने ‘ओपन सोसायटी’ हे पुस्तक लिहायचे ठरवले ते हिटलरने ऑस्ट्रिया घेतल्याची बातमी आली तेव्हा, आणि लिहिले न्यूझीलंडमध्ये बसून. राज्य कोणी करावे हा प्रश्नच त्याला फसवा वाटतो. वाईट राज्यकर्त्याला रक्तपात न होता कसे काढता येईल, हा त्याचा प्रश्न. मला वाटते आपण तो दिल्लीबद्दल विचारावा, तसा जमातीच्या कमिटीबद्दलही विचारावा. सदर, सेक्रेटरी किती वर्षे तेच? हिशेब कोण पाहतो? बायका कुठे बसतात?

रायगड जिल्ह्याचे नाव वाळीत प्रकरणांसाठी राज्यभर गाजले आहे. हुक्कापाणी बंद, दुकानातून सामान नाही, लग्नाला बोलावणे नाही, मयताला खांदा नाही. गावकी आगऱ्यांची असो, कोळ्यांची असो, कुणब्यांची असो, रीत एकच. आणि मोहल्ल्यात हे होत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल? निकाह लावायला मौलवी मिळणार नाही, कब्रस्तानात जागा मिळणार नाही, ही धमकी आपल्यालाही ठाऊक आहे.

गावकी म्हणजे स्टॅलिनचा पक्ष नव्हे, हे मला कळते. इथला माणूस एसटी पकडून मुंबईला जाऊ शकतो. पण हॅना आरेन्टने 1951 च्या ग्रंथात दाखवले आहे की सर्वंकष सत्ता माणसांना एकमेकांपासून तोडून एकटे पाडते आणि त्या एकटेपणावर जगते. एकटे पाडण्याचे शिक्षण आपल्या पोरांना गावातच मिळाले, तर मोठी सत्ता येईल तेव्हा तिला नवे काही शिकवावे लागणार नाही.

कायद्याची वाटही सरळ नाही. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळे मत नोंदवले: माणसाला माणसातून उठवणे हा निव्वळ धर्माचा अंतर्गत मामला नाही. असगर अली इंजिनिअर यांनी त्या बहिष्काराची किंमत आयुष्यभर मोजली. 2023 मध्ये हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे हे पहिले राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित माणूस किंवा त्याच्या घरचा कोणीही पोलिसांकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करू शकतो. हा कायदा यावा म्हणून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. तो कोणत्याही धर्माला सोडत नाही आणि कोणत्याही धर्माला वेगळा काढत नाही. म्हणून मला तो आपला वाटतो.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या बैठकीला मिल आणि आंबेडकर यांच्यासोबत या कायद्याची मराठी प्रतही आणा. थोडकी पाने आहेत. आणि कमिटीच्या लोकांनाही बोलवा. त्यांच्या पाठीमागे वाचण्यात अर्थ नाही.