पालेर्मोचं कलिंगड

इटलीच्या सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात कलिंगड शिजवूनही खातात. पदार्थाचं नाव ‘जेलो दी मेल्लोने’. गाळलेल्या रसात साखर आणि लिटरला साधारण 80 ते 90 ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवायचं. तेही रस गार असतानाच, नाहीतर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा! मंद आचेवर ढवळत राहिलं की गढूळ दिसणारा रस दाट, लालबुंद, चकचकीत होतो. जिलेटिन लागत नाही. मग रात्रभर चमेलीची फुलं भिजवलेलं पाणी घालून साच्यात ओतायचं आणि गार करायचं. वर दालचिनी, एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या ब्रोंते गावचे पिस्ते. आणि काढून टाकलेल्या बियांच्या जागी चॉकलेटचे तुकडे, ही थट्टा मोठी झकास! शहराची रक्षक संत सांता रोझालिया हिच्या जुलैतल्या उत्सवात आणि तिथल्या 15 ऑगस्टच्या सणाला हा पदार्थ हवाच.